भाजणीच्या डब्यातली स्मरणशक्ती

मुलुंडच्या भाजी मार्केटात मी मेथीची जुडी निवडत उभी होते आणि माझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. हे मला भाजीवालीने सांगितलं. "मॅडम, तुमची एक चप्पल कुठंय?" खाली पाहिलं तर तळवा धुळीने काळा झालेला. चप्पल मागे सिग्नलपाशी कुठेतरी निसटली असणार, आणि मी तशीच खडी, डांबर, ओला भाजीचा पाला तुडवत आले होते. पायाला पत्ताच नव्हता.

"अहो, घाईत निघाले ना," मी हसत म्हटलं. घाईत माणूस किल्ली विसरतो, पिशवी विसरतो. एका पायात चप्पल घालून कुणी घराबाहेर पडत नाही, हे तिलाही कळलं असेल. तिने मेथी पिशवीत भरली आणि मी अनवाणी पाय उजव्या पायामागे लपवत घरी आले. मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, दार उघडलं. "तुटली रे चप्पल, टाकून दिली," मी म्हटलं.

त्या वर्षी मी त्याच्याशी असं बरंच खोटं बोलले.

बाई

मी गणिताची शिकवणी घेते. चौथी ते सातवीची मुलं संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसतात, भिंतीला फळा आहे, आणि सगळं मुलुंड पूर्व मला वैशालीबाई म्हणते असं मला निदान वाटतं. माझी ऐट एकाच गोष्टीची. वडिलांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी असे अपूर्णांकांचे सगळे जुने पाढे घोटून घेतले होते. त्यातही औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मी एका दमात म्हणायचे. पालक नाव नोंदवायला आले की मी काहीतरी निमित्त काढून औटकी ऐकवायचेच. मिलिंद स्वयंपाकघरातून म्हणायचा, "झालं बाईंचं गाणं सुरू."

आधी मुलांची नावं अडखळू लागली. मग गॅसवर ठेवलेलं दूध. मग फळ्यावर भागाकार मांडला आणि पुढे काय करायचं ते क्षणभर गायब. खडू हातात, पाठीमागे मुलं, आणि डोक्यात नुसता पांढरा उजेड. "तुम्हीच करून दाखवा बघू," असं म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाकडे हे एक बरं असतं, स्वतःला येत नसलं की मुलांची परीक्षा घेता येते.

माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. "तू कुणाची गं?" असं विचारायची, आणि मी "तुझीच" म्हटलं की कौतुकाने "हो का?" म्हणायची. त्या "हो का" ची मला इतकी धास्ती होती की डॉक्टरकडे जायचं नाही हे मी ठरवूनच टाकलं. डॉक्टर त्या आजाराचं नाव घेतील, मग शिकवणी बंद, मग मिलिंद मला हाताला धरून चालवेल, मग मीही "हो का?" म्हणेन. त्यापेक्षा गुपचूप उपाय करू, असं मला वाटलं. मी शिकलेली बाई, मोजूनमापून करू.

पाच उमेदवार

ब्राह्मीच्या गोळ्या. शंखपुष्पीचं सरबत. मालकांगणीचं तेल, दोन थेंब बत्ताशावर. भाचीने परदेशातून मागे कधीतरी आणलेल्या गिंकोच्या कॅप्सूल. आणि फोनवरच्या जाहिरातीत एक तरुण दाढीवाला रोज दाखवायचा ती मशरूमची पावडर, कोमट पाण्यातून. हे सगळं मी भाजणीच्या मोठ्या डब्यात, भाजणीच्या पिशवीखाली लपवलं. थालीपीठ आमच्याकडे मीच लावते, म्हणजे डबा माझाच.

एका वेळी एकच घ्यायचं, महिनाभर, मग दुसरं. कुठलं किती लागू पडतं ते पाहायचं. पाहायचं कसं? रोज सकाळी मिलिंद फिरायला गेला की मी गॅलरीत उभी राहून औटकी म्हणायची. न अडखळता झाली की औषध पास. वर दुसरी कसोटी मुलांची. दर शनिवारी मी चाचणी घ्यायचे, त्यात मुलं चांगली उतरली म्हणजे मी नीट शिकवते, म्हणजे डोकं ठिकाणावर.

आणि हे निकाल मी कुठेही लिहून ठेवत नव्हते. लिहिलं तर सापडेल ना! सगळं लक्षात ठेवायचं. विसरभोळेपणाच्या औषधांची तुलना मी आठवणीच्या भरवशावर करत होते. आज हे लिहितानाही कान गरम होतात. माझ्या विद्यार्थ्याने असा प्रयोग मांडला असता तर मी त्याला बाहेर पॅसेजमध्ये उभं केलं असतं.

ब्राह्मी पास झाली. शंखपुष्पी पास झाली. मालकांगणीने पोटात आग पडली, पण औटकी झकास झाली. सगळेच पास! मला संशय यायला हवा होता. सगळा वर्ग पैकीच्या पैकी आणतो तेव्हा मी आधी पेपर फुटला का ते बघते.

पोटातल्या आगीसाठी माझी नेहमीची ॲसिडिटीची गोळी होतीच. ती मी कित्येक वर्षं रोज सकाळी घेत होते, कुणाला न विचारता, दात घासण्यासारखी. उमेदवार वाढले तशी मी संध्याकाळचीही एक सुरू केली. शिवाय त्या दाढीवाल्याने सांगितलं होतं की दुधाने मेंदूवर धुकं साचतं, पावडर लागू पडायला हवी असेल तर दूधदुभतं बंद. आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. मी चहा कोरा केला, दही सोडलं, ताक सोडलं. मिलिंद म्हणाला, "अगं, तू ताकाशिवाय जेवतेस? बरी आहेस ना?" मी म्हटलं, वजन कमी करतेय. तो खूश झाला, कारण तो मला हे कधीपासून सांगत होता.

शेवटी मशरूम पावडर पहिली आली. त्या महिन्यात मुलांचे मार्क कधी नव्हे इतके चांगले होते. मला इतका आनंद झाला की मी खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनना सांगितलं, आडून, "एका ओळखीच्या बाईंना" फार गुण आला म्हणून. वैशालीबाईंनी सांगितलं म्हटल्यावर हंसाबेननी त्याच दिवशी सासऱ्यांसाठी पावडरीचा डबा मागवला.

त्याच सुमाराला माझी जीभ लाल गुळगुळीत झाली होती, पायात मुंग्या येत होत्या आणि ब्लाउजचे हुक बोटांना लावता येईनासे झाले होते. चप्पल गेली ती याच दिवसांत. पण हे काही औटकीत येत नव्हतं, म्हणून मी ते मोजलंच नाही.

साबण

पडले ती बेसिनपाशी. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि जमीन नाहीशी झाली. पाय कुठे आहेत हे मला डोळ्यांनी बघून कळत होतं, डोळे मिटल्यावर पायच राहिले नाहीत. कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. मिलिंद धावत आला तेव्हा मी तोंडावर साबण आणि रक्त घेऊन "काही नाही, काही नाही" म्हणत होते.

जवळच्या हॉस्पिटलात टाके घातले आणि ठेवून घेतलं. डोक्याचा फोटो काढायचा होता. त्या यंत्रात आडवं पडल्यावर आत ठोकठोक आवाज चालू असताना मला एकच दिसत होतं, आईचं कौतुकाने हसणारं तोंड. मी औटकी म्हणायला लागले. आतून आवाज आला, "मॅडम, बोलू नका, हलू नका."

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टर आल्या. माझ्याहून वयाने बऱ्याच लहान, केसांना पेन खोचलेलं. मिलिंद शेजारी स्टुलावर बसला होता. त्यांनी मला काय काय होतंय ते विचारलं आणि मी उत्तराऐवजी म्हणाले, "स्मरणशक्ती उत्तम आहे हो माझी. औटकी म्हणून दाखवू?" आणि म्हटलीसुद्धा, पार शेवटपर्यंत. शेजारच्या पलंगावरच्या आजी कौतुकाने उठून बसल्या.

डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतली. "छान. माझे आजोबा म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्हाला झोपेतही येईल. हे पाठ आहे. आता शंभरातून सात वजा करा, आलेल्या उत्तरातून परत सात, असं करत जा."

"त्र्याण्णव," मी म्हटलं. "शहाऐंशी." मग थांबले. शहाऐंशीतून सात. मी बोटांकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं मी मुलांच्या बोटांवर पट्टी आपटत आले आहे, बोटं मोजायची नाहीत म्हणून. "अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं, आणि मिलिंदने मान खाली घातली तेव्हा मला कळलं की चुकलं.

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, नुसती लाज, अंगावरचा कपडा ओढून घ्यावा तशी मी चादर गळ्यापर्यंत ओढली. मी दर सकाळी जे पाठ होतं त्याचीच परीक्षा घेत होते. त्या परीक्षेत गूळपाणी घेतलं असतं तरी पास झालं असतं.

सापडलं

डॉक्टरांनी पायाला चिमटे घेतले, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बघितली. मग विचारलं, "खाता काय? दूध, दही? रोजच्या गोळ्या कुठल्या?" मी ॲसिडिटीची गोळी सांगितली. बाकीचं सांगितलं नाही. मिलिंद बाजूला होता ना.

संध्याकाळी तो घरून आला तो हातात कापडी पिशवी घेऊन. मला हॉस्पिटलचं जेवण जाईना म्हणून तो बापडा यूट्यूब बघून थालीपीठ लावायला गेला होता. पिशवीतून त्याने एकेक बाटली काढून पलंगावर ठेवली. ब्राह्मी, शंखपुष्पी, मालकांगणी, गिंको, पावडर. आजी उत्सुकतेने बघत होत्या.

"हे काय आहे गं?"

"मेंदूचं," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"बरेच."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आणि मी काय शेजारचा होतो? मला सांगायला काय झालं होतं?" मग आवाज चढला, "आईचं झालं तेव्हा मी नव्हतो का? तिला न्हाऊ कोण घालत होतं, तू एकटी?" सिस्टर आत येऊन बघून गेल्या. मग तो स्टुलावर बसला आणि पिशवीची घडी घालत पुटपुटला, "थालीपीठ जळलं." आम्ही दोघंही हसलो नाही.

सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवल्या. रक्ताचा रिपोर्टही आला होता. आईचा आजार नव्हता. मेंदूचा फोटो चांगला होता. बी-बारा हे जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. शाकाहारी माणसाला ते मिळतं मुख्यतः दूधदुभत्यातून. वर्षानुवर्षांच्या ॲसिडिटीच्या गोळीने ते अंगी लागणं कमी झालं होतं, आणि दही-ताक सोडून उरलंसुरलं मी स्वतःच बंद केलं. "यातल्या एकाही बाटलीत तुम्हाला हवं ते नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "इंजेक्शनं सुरू करू. डोकं बरंचसं ताळ्यावर येईल. पायाचं मी शब्द देत नाही. उशीर झालाय."

बातमी नातेवाइकांत पसरली आणि फोन सुरू झाले. "एवढंच ना? बी-बारा? अगं, ते तर सगळ्यांनाच असतं!" नणंद तर फोनवर खदखदून हसली, सुटकेनेच, पण हसली. मोठा आजार आला असता तर निदान दबक्या आवाजात बोलले असते. मी ज्याच्या भीतीने वर्ष काढलं ते नव्हतंच, आणि जे होतं ते एका रक्ततपासणीत कळणारं. ती तपासणी आमच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते. मी तिच्यासमोरून रोज जात होते.

नाडी

हॉस्पिटलात सकाळ लवकर होते. चहा, थर्मामीटर, मग मावशी अंग पुसायला येणार. माझ्या बोटांना परकराची नाडी बांधता येत नव्हती. पहिल्या दिवशी मी परकर मुठीत धरून तशीच बाथरूमपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी मावशींनी काही न विचारता नाडी बांधून दिली, आणि बांधताना माझ्याकडे न बघता आजींशी पाणी आलं नाही याबद्दल बोलत राहिल्या. ते न बघणं मला अजून आठवतं. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची. डोळे मिटून उभं राहायला सांगायची आणि मी पडायच्या आत धरायची. इंजेक्शन खुब्यात. त्याचं काही वाटायचं नाही.

मग एका दुपारी मनवा आली, आईबरोबर. सहावीतली, दोन वेण्या, माझ्या वर्गातली सगळ्यात वटवट करणारी मुलगी. आई फळं ठेवायला वळली तशी ती माझ्या कानाशी वाकली.

"बाई, आम्ही कुणाला सांगितलं नाही हां."

"काय गं?"

"तुमचं चुकायचं ते." ती फार शहाण्यासारखं बोलत होती. "फळ्यावर चुकलं ना, की आम्ही तसंच उतरवून घ्यायचो. मग खाली जिन्यात बसून बरोबर करायचो. मी समजवायची सगळ्यांना. मम्मीला पण नाही सांगितलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले, बाई. गणपतीच्या आधीपासून."

म्हणजे जिन्यात. म्हणजे ते मार्क. पावडरीचा पहिला नंबर आला तो दहा-अकरा वर्षांची मुलं माझ्या दारातून निघून जिन्यात बसून स्वतःच शिकत होती म्हणून. मोठ्यांच्या चुका काढायच्या नाहीत, बाईंना उलट बोलायचं नाही, हे त्यांना आम्हीच शिकवलेलं. मीच तर शिकवलं होतं. मधे बोललं की माझी पट्टी असायचीच.

मी मनवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला केसांचा स्पर्श नीट कळला नाही. इतकी लाज मला शंभरातून सात काढतानाही वाटली नव्हती. तिथे मी आजारी होते. इथे मुलं मला सांभाळत होती आणि मी त्याच्या जोरावर हंसाबेनना सल्ले देत होते.

जिना

घरी आल्यावर मी काठी घेऊन आधी खाली उतरले. हंसाबेनना सगळं सांगितलं, ओळखीची बाई म्हणजे मीच, आणि ती पावडर बंद करा, सासऱ्यांना आधी डॉक्टरांना दाखवा.

"पण बापुजींना तर फायदा झाला ना," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पेपर वाचून दाखवतात."

"आधी नव्हते वाचत?"

"आधी पण वाचायचे," हंसाबेन म्हणाल्या, आणि विचारात पडल्या. पुढच्या आठवड्यात त्या बापुजींना घेऊन गेल्या. त्यांना ऐकू कमी येत होतं, बाकी सगळं ठीक होतं.

तुमच्यापैकी कुणी आत्ता एखादी बाटली कुठल्या डब्यात लपवत असेल तर मी काय सांगणार? डॉक्टर मी नाही. कुठली चांगली असंही विचारू नका, ते मला खरंच माहीत नाही, इतकं करून माहीत नाही. एवढंच, की घरातल्या एका माणसाला सांगा. लाज वाटेल. मला वाटली तेवढी नाही वाटणार, कारण माझी मी वर्षभर साठवली होती.

डोकं पुष्कळसं परत आलं. पाय नाही. अजून मी अंधारात भिंत धरते आणि चपला पट्ट्याच्या घेते. भाजणीचा डबा आता मिलिंदकडे आहे, थालीपीठ बरं लावतो.

शिकवणी पुन्हा सुरू केली त्या संध्याकाळी मुलं फार शहाण्यासारखी बसली होती. मला ती शांतता ओळखीची वाटली. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "जिन्यातला वर्ग बंद. आजपासून बाईंचं चुकलं की ओरडायचं. मधेच ओरडायचं. पट्टी मी मिलिंदकाकांकडे दिली आहे." मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हसलं नाही. मनवा वेणीचं टोक चावत होती.

मी उठले, काठी टेकवली, फळ्यावर गुणाकार मांडला. सत्तेचाळीस गुणिले सहा. सहा साती बेचाळीस, दोन लिहिले. साही चोक चोवीस. दोनशे बेचाळीस. खाली रेघ ओढली.

मागे काहीच आवाज नाही. खडूची धूळ बोटांना लागली होती, ती कळत होती. मी वळले नाही. वळून त्यांची तोंडं बघायची माझी हिंमत नव्हती. मी तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मनात म्हटलं, बोला रे, कुणीतरी बोला.

"बाई," मनवाचा आवाज आला, घाबरलेला, "हातचा राहिला."

आणि मग सगळेच ओरडले, "हातचा राहिला! बाई, हातचा राहिला!" इतक्या जोरात, की स्वयंपाकघरातून मिलिंद उलथनं घेऊन बाहेर आला.

मी पुसलं आणि दोनशे ब्याऐंशी लिहिलं.